चर्चा: देवच न मानणाऱ्याकडून ख्रिस्ती अर्थाने देवनिंदा घडते का?

रावेरचा_केळीवाला: परवा शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजता भाजता मी पवित्र आत्म्यावर (ख्रिस्ती लोक ज्याला देवाचंच एक रूप मानतात) एक पाचकळ विनोद मारला. नवापूरचा ख्रिस्ती मित्र वांगं सोलता सोलता थांबला. म्हणे, "भो, या पापाला माफी नाही." मी पक्का नास्तिक. रिकाम्या घराला शिव्या दिल्या तर ऐकणार कोण? मग निंदा झाली कशी?

पाचोरेकर: तो बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायातलं बोलतोय. येशू भुतं काढतो, तर यरुशलेमहून आलेले शास्त्री म्हणतात, हे बालजबूलच्या, म्हणजे भुतांच्या सरदाराच्या जोरावर चाललंय. त्यावर येशू पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला, म्हणजे निंदेला, क्षमा नाही म्हणतो. हे शास्त्री म्हणजे धर्मशास्त्र कोळून प्यालेली माणसं! चांगलं डोळ्यांदेखत घडलं आणि त्यालाच सैतानाचं म्हणाले. तुझा विनोद त्या पंगतीत बसत नाही. नास्तिकाला हे पाप जमतच नाही, त्यासाठी आधी आतला माणूस असावं लागतं.

नवापूरची_लेक: दादा, दोन प्रश्नांची खिचडी करताय. क्षमा नसलेलं पाप वेगळं, साधी देवनिंदा वेगळी. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीयच्या २४व्या अध्यायात देवाच्या नावाची निंदा करणाऱ्याला शिक्षा आहे, तो स्वदेशी असो की उपरा. आणि प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला काय लिहितो? मी पूर्वी निंदक होतो, पण अविश्वासात, न समजून केलं, म्हणून माझ्यावर दया झाली. म्हणजे विश्वास नसतानाही निंदा घडते. फक्त तिला माफी आहे.

पाचोरेकर: पौल नास्तिक कधी होता, ताई? कट्टर परूशी, म्हणजे यहुद्यांच्या कर्मठ पंथातला! देव मानत होता, ख्रिस्त मानत नव्हता. आणि लेवीयातला उपरा इस्राएलांच्याच छावणीत राहणारा, त्यांच्याच कायद्याखालचा.

नवापूरची_लेक: मग अश्शूरचा राजा सन्हेरीब घ्या. ना छावणीतला, ना कायद्याखालचा. त्याच्या चाकरांनी यरुशलेमच्या तटाखाली उभं राहून देवाची टिंगल केली, बायबलातल्या यशयाचा ३७वा अध्याय त्याला निंदाच म्हणतो. जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने तर क्षमा नसलेलं पाप म्हणजे मरेपर्यंत पश्चात्ताप नाकारणं असं लावलं. मग त्यातून नास्तिकही सुटत नाही. अर्थात केळीवाले दादांना अजून पुष्कळ वेळ आहे :)

धुळ्याचा_वकील: कायद्याचं विचाराल तर धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९. तिथे तुमचा विश्वास कोणी विचारत नाही, हेतू बघतात.

पाचोरेकर: वकीलसाहेब, इथे पापाचं चाललंय, पोलीस ठाण्याचं नाही. ताई, सन्हेरीबचं मान्य. पण त्यालाही त्याचे देव होतेच, तो आपल्या केळीवाल्यासारखा कोरा नव्हता.

रावेरचा_केळीवाला: मी कोरा बिरा काही नाही, आजी एकादशीला उपाशी ठेवायची. रविवारी नवापूरला चाललोय, मित्राकडे. भरीत घेऊन.