तारीख उलटल्यावर काय चालतं, काय नाही

खाण्याच्या पाकिटांवरच्या तारखांबद्दल "सगळ्या तारखा कंपन्यांची चलाखी, वास घ्या नि खा" असं मत ऐकू येतं, ते मला धोक्याचं वाटतं. 'बेस्ट बिफोर' उलटली तर चव, कुरकुरीतपणा उतरतो. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' उलटली की वास कितीही चांगला येवो, खायचं नाही. आणि या तारखा न उघडलेल्या, नीट ठेवलेल्या पाकिटाच्या असतात. आपल्या गोव्यातल्या पावसाळी हवेत फोडलेला रवा तारखेच्या आतच जातो.

पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवलेला माल घ्या: सोलं (आमसुलं), खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिरच्या. त्यावर तारीख नसते, तो मीठ, आंबटपणा आणि सुकेपणावर टिकतो. एकदा का ओल शिरली की संपलं. बुरशी आलेल्या मिरच्या किंवा शेंगदाणे पुसून, उन्हात घालून परत वापरू नका, कृपा करून! अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आत मुरलेलं असतं आणि घरच्या शिजवण्याने जात नाही.

आता फेणी, म्हणजे आपली काजूची किंवा माडाची दारू. साधारण ४० टक्क्यांवर अल्कोहोल असल्याने घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ती वर्षानुवर्षं नासत नाही. बिअरचं तसं नाही, उष्णतेत आणि उजेडात ती लवकर शिळी होते. माडाचं व्हिनेगर टिकतं, खोबरेल मात्र खवट होतं.

फुगलेला डबा चाखूनही पाहू नका, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष वासाने कळेलच असं नाही. बाळाच्या दूध पावडरला तर तारखेनंतर एक दिवसाचीही सवलत देऊ नका.