लाकडी जमिनीमुळे टर्नटेबलची सुई उडते, भिंतीवर शेल्फ कसं लावू?

गिरगावकर_तिसरा_मजला:
मंडळी, सल्ला हवाय. आमची इमारत गिरगावातली, जुनी, लाकडी तुळया आणि त्यावर फळ्यांची जमीन. टर्नटेबल रेगा कंपनीचा प्लॅनर ३ आहे, सध्या बाबांच्या जुन्या कपाटावर ठेवलाय, आणि कोणी जरा भरभर चाललं की सुई उडते, मुलगी धावत आली तर विचारूच नका. एलपी सगळ्या बाबांच्या, कुमारजी, भीमसेनजी, किशोरीताई, त्यातल्या काही आता परत मिळायच्या नाहीत म्हणून जीव खालीवर होतो. भिंतीवर शेल्फ लावावं म्हणतोय. जागा दोन, एक मधली पडदी (पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर) आणि एक दोन खिडक्यांमधली बाहेरची जाड भिंत. तयार घेऊ की करून घेऊ? कडाप्पा टाकला तर चालेल का? प्लेअरखाली स्पंजच्या गाद्या ठेवून बघितल्या, काही फरक नाही.

खर्जातला_सा:
गाद्यांनी फरक पडणारच नाही. आर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) यांची मिळून स्वतःची कंपनसंख्या साधारण ८ ते १२ हर्ट्झ असते आणि लाकडी जमिनीचा हेलकावा त्याहूनही खाली, मऊ गादी तो अडवत नाही, उलट कधीकधी वाढवते. जमिनीशी संबंधच तोडायचा, म्हणजे भिंत. तुमचा निर्णय बरोबर आहे. उंची अशी ठेवा की उभं राहून सुई नीट दिसेल, कंबरेच्या थोडं वर. खोलीचा कोपरा मात्र टाळा, बेस तिथे साचतो. आणि त्याच शेल्फवर स्पीकर ठेवायचा नाही म्हणजे नाही.

चुना_आणि_वीट:
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो म्हणून शेल्फच्या आधी भिंतीबद्दल बोलतो. पडदी सोडून द्या. अशा पडद्या बऱ्याचदा लाकडी चौकटीत वीट भरून केलेल्या असतात आणि त्याच जमिनीवर उभ्या असतात, म्हणजे जमीन हलली की पडदीही हलणार, शिवाय पलीकडे मिक्सर. बाहेरची भिंत भार घेणारी, तीच घ्या.

आता भोकं. चुन्याचं प्लास्टर जाड असतं, एक इंच सहज, त्यामुळे बाजारातल्या शेल्फसोबत येणारी बारकी गिट्टी आणि दीड इंची स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्येच राहतात. भोक विटेच्या मधोमध पडायला हवं, सांध्यात नको. ड्रिलचं हॅमर बंद ठेवून हळू पाडा. लोखंडी एक्स्पान्शन बोल्ट आवळला की जुनी मऊ वीट फुटते, म्हणून मी अशा ठिकाणी जाळीच्या स्लीव्हमध्ये केमिकल (सुकून घट्ट धरणारं) भरून रॉड बसवतो, पूर्ण सुकल्याशिवाय वजन द्यायचं नाही. पावसाळ्यात भिंत ओली होत असेल तर ब्रॅकेटला आधी रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा. पागडीची जागा असेल तर घरमालकाच्या कानावर घालून ठेवा.

तीन_वेगांचा:
कडाप्प्याला माझा विरोध. रेगाचं डिझाइनच हलकं आणि कडक या विचारावर आहे, आत स्प्रिंगा नाहीत, त्याला फळीही हलकी आणि ताठच हवी. १८ एमएमचा चांगला प्लाय पुरे. जड दगडाने ब्रॅकेटवर उगाच भार येतो आणि दगड वाजतोही.

ब्रॅकेट घेताना भिंतीलगतची उभी पट्टी किती लांब आहे ते बघा. समजा प्लेअर ६ किलो, फळी ४ किलो आणि वजनाचा मध्य भिंतीपासून २० सेंमीवर. वरचे आणि खालचे बोल्ट १० सेंमी अंतरावर असतील तर वरच्यांवर बाहेर ओढणारा जोर २० किलोचा, ३० सेंमी अंतर ठेवलं तर ७ किलोच्याही आत येतो. म्हणून त्रिकोणी, उंच ब्रॅकेट. रेगाचं स्वतःचं वॉल ब्रॅकेटही मिळतं, पण तुमच्या भिंतीत विटेचा मध्य शोधून भोक पाडायचंय तर वेल्डिंगवाल्याकडून मापानुसार केलेलं जास्त सोयीचं.

गिरगावकर_तिसरा_मजला:
तिघांनाही मनापासून धन्यवाद, पडदी रद्द, कडाप्पाही रद्द. फळी ५० बाय ४० सेंमीची करतोय, प्लेअर साधारण ४५ बाय ३६ आहे. एकच शंका, याचे रबरी पाय फिरवून उंची बदलत नाहीत, मग लेव्हल कशी करायची?

तीन_वेगांचा:
फळी ब्रॅकेटला थेट ठोकू नका. ब्रॅकेटवर तीन ठिकाणी नट वेल्ड करून त्यात टोकदार बोल्ट खालून वर घाला आणि फळी त्या तीन टोकांवर ठेवा, बोल्ट फिरवलं की लेव्हल जमते. स्पिरिट लेव्हल फळीवर नाही तर प्लॅटरवर (एलपी ठेवतो ती फिरणारी तबकडी) ठेवून बघायची. आणि झाकण उघडलं की मागे सरकतं, तेवढी जागा भिंतीपासून सोडा.

खर्जातला_सा:
बसवून झालं की प्लॅटर बंद ठेवून, टाकाऊ एलपीवर सुई टेकवा, आवाज थोडा वाढवा आणि मुलीला खोलीत उड्या मारायला सांगा. स्पीकरमधून धप्प आलं नाही तर बाबांच्या एलपी बिनधास्त लावा. आलं तर आधी बोल्ट तपासा आणि मग वायर कुठे ताणून कपाटाला टेकलीय का ते बघा, रेगाची वायर आर्मलाच जोडलेली असते, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर शेल्फच्या जवळच ठेवावा लागेल.