टाकीत पाणी आलं कुठून?
(सोसायटीच्या ग्रुपवरून, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-३०४ (सकाळी ७:०५)
नमस्कार मंडळी. माझी बाइक सकाळपासून सुरू होत नाहीये. काल रात्री कामावरून आलो तेव्हा व्यवस्थित होती. शेडखाली जागा नव्हती म्हणून कुंपणाजवळ लावली, रात्रभर पावसात भिजली. तीस-चाळीस किका मारून झाल्या. ९ पर्यंत भोसरी गाठायची आहे. एवढ्या सकाळी येणारा मेकॅनिक कुणाला माहीत आहे का?

सी-२०१
चोक देऊन पाहिलात का?

बी-३०४
हो ताई, देऊनही आणि न देताही. मघाशी एकदा लागली, दोन सेकंद फडफडली आणि बंद पडली.

ए-१०३
आता किक मारू नकोस. साल कोणतं गाडीचं?

बी-३०४
२०१६, काका. दीडशे सीसी.

ए-१०३
म्हणजे कार्बोरेटर आहे, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. मेकॅनिक राहू दे, मी येतो खाली. पेट्रोलचा कॉक बंद कर, गाडी डबल स्टँडवर घे आणि काचेची एक रिकामी बाटली आण.

बी-३०४ (सकाळी ७:४८)
झाली सुरू! काका, मनापासून आभार. ग्रुपसाठी सांगतो: कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक छोटा स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत घेतलं. मग टाकीची नळी काढून कॉकमधून अजून कपभर काढलं. बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवली तर वर पेट्रोल, खाली पाणी, मध्ये स्वच्छ रेघ. फोटो टाकलाय. निर्मळ पेट्रोल यायला लागल्यावर नळी लावली आणि चौथ्या किकेला गाडी लागली.

बी-५०२
पंपावर भेसळ झालेली दिसते. पंपाचं नाव टाका, म्हणजे बाकीचे तरी सावध होतील.

ए-१०३
पंपाचं नाव घेण्याआधी टाकीचं झाकण बघायचं. आम्ही बघितलं. याच्या गाडीचं झाकण टाकीच्या पातळीत बसणारं आहे. त्याच्याभोवती जी खोलगट जागा असते तिथे पावसाचं पाणी साचतं. ते निघून जायला एक बारीक भोक असतं, त्याला नळी जोडलेली असते आणि ती टाकीतून खाली उतरून जमिनीकडे सुटते. ते भोक धुळीने बुजलं होतं. पाण्याला वाट नाही, झाकणाचं रबर कडक झालेलं, मग पाणी टाकीत जाणार नाही तर कुठे जाईल? पातळ तार घालून भोक मोकळं केलं, तर नळीतून चहाच्या रंगाचा चिखल आला. रबर बदलायला सांगितलंय.

शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं, पण पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाशी बसतात. कॉक पेट्रोल ओढतो तो तळाजवळूनच. म्हणून संध्याकाळी चांगली चाललेली गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी लागत नाही.

हे काम करताना इंजिन थंड पाहिजे, आसपास विडी-सिगारेट नको, दिवा नको. प्लगची ठिणगी बघायची असेल तर पेट्रोल पूर्ण पुसून, उडून गेल्यावरच. आज आम्ही प्लगला हातही लावला नाही, गरज नव्हती.

सी-२०१
काका, लेकीची गाडी २०२१ ची आहे. तिलाही असा स्क्रू असतो का?

ए-१०३
नाही वहिनी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम आले, त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे, कार्बोरेटर नाही. तिला सांगा, चावी फिरवली की लगेच बटण दाबायचं नाही. टाकीतल्या पंपाची घुर्र थांबू द्यायची, मग स्टार्टर. आणि टाकी तळाला जाईपर्यंत चालवायची नाही, तो पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच थंड राहतो. बॅटरी पूर्ण उतरली तर इंजेक्शनची गाडी बऱ्याचदा किकेलाही दाद देत नाही, त्यामुळे बॅटरीकडे लक्ष हवं. टाकीत पाणी गेल्याची शंका आली तर मात्र घरी काही उघडू नका, वर्कशॉपला न्या. झाकणाजवळचं भोक तिच्या गाडीला असेल तर तेवढं आजच साफ करा.

डी-४०२
काका, माझाही एक प्रश्न. गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंग करून आणली तेव्हापासून गाडी जड चालतेय. मागून घर्र असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणाला, चेन घट्ट केलीय, आता बघायला नको. पैसे पूर्ण घेतले, मी सांगितल्यावर परत बघायला तयार नाही.

ए-१०३
याचा मला फार राग येतो. चेन घट्ट म्हणजे चांगली, हा समज सगळीकडे पसरलाय आणि त्यात लोकांच्या गाड्यांची वाट लागते.

नीट समजून घे. डबल स्टँडवर मागचं चाक खाली लोंबतं, तेव्हा चेन सैल दिसते. माणूस बसला, खड्डा आला की चाक वर उचललं जातं. पुढचं छोटं चक्र, मागचं चाक धरणाऱ्या फोर्कचा (स्विंगआर्मचा) खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, त्या क्षणी दोन्ही चक्रांमधलं अंतर सर्वांत जास्त असतं. तेव्हा चेनला ढील लागते. ढीलच ठेवली नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबवर येतो. चेन किटचे पैसे जातात ते वेगळेच.

चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने वर-खाली कर. साधारण अडीच-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. तुझ्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो, तोच धर. चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी बघ, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत तंग लागते तिथे माप घ्यायचं. अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि एक्सल मागे-पुढे केला की मागच्या ड्रम ब्रेकचा पायडलही बदलतो. तो परत लावायचा, ब्रेक लाइट लागतो का बघायचं. हे शेवटचं बरेच जण विसरतात.

तू आज ती गाडी जास्त चालवू नकोस. संध्याकाळी ७ नंतर घेऊन ये, १७ नंबरचा पाना माझ्याकडे आहे, बाकीचे तुझ्या टूलकिटमध्ये असतील.

बी-५०२
चेनला तेल मी दर पंधरवड्याला लावतो. गाडी स्टँडवर पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, चाक फिरत राहतं, ब्रशने तेल सोडतो. पाच मिनिटांत काम.

ए-१०३
साहेब, हात जोडून सांगतो, हे बंद करा. इंजिन चालू असताना चेनजवळ फडकं, ब्रश, बोट काही नेऊ नका. एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा माझ्यासमोर एकाचं बोट गेलंय, त्याच्या घरच्या मोटारसायकलच्या चेनमध्ये. फडकं अडकतं आणि हात ओढला जातो, सोडायला वेळच मिळत नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवा. आधी रॉकेल नाहीतर डिझेल लावून घाण पुसा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने. वरचं जास्तीचं पुसून टाका, नाहीतर धूळ धरते. पावसात दर आठवड्याला केलंत तरी चालेल.

बी-५०२
ऐकलं काका. आजपासून बंद. एक विचारतो, कारचं ऑइल अर्धा कॅन उरलंय. ते बाइकला चालेल?

ए-१०३
नाही. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारे पदार्थ असू शकतात, त्याने क्लच प्लेटा सटकायला लागतात. आवाज वाढतो, गाडी ओढत नाही. डब्यावर 'जासो एमए' ही ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीची खूण बघून घ्या, ग्रेड पुस्तिकेतला.

सी-२०१
आपल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं? २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ए-१०३
त्या दिवशी माझ्या मेहुण्याच्या घरच्या दोन गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर धाकट्याने आपली लगेच सुरू केली. लागली, दहा मिनिटं चालली, मग आतून खडखड. इंजिन खोलावं लागलं. दुसरीला मी हात लावू दिला नाही. बॅटरी सोडली, ऑइल काढलं तर दूध घातलेल्या कॉफीसारखं. प्लग काढून हळूहळू किक मारत सिलिंडरमधलं पाणी बाहेर टाकलं, एअर फिल्टर नवा, टाकी रिकामी. ऑइल घालून थोडी चालवली, पुन्हा बदललं. ती आजही रोज स्वारगेटला जाते.

म्हणून बुडालेल्या गाडीची चावीसुद्धा फिरवायची नाही. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग गाडी हलवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही, तेव्हा आज सगळ्यांनी आपली पॉलिसी काढून बघा.

बी-३०४ (रात्री ८:२०)
काका, पोहोचलो होतो वेळेत. दिवसभर गाडी एकदाही अडली नाही. ती बाटली गॅलरीत ठेवलीय, मुलाला पाण्याचा थर दाखवला.

ए-१०३
दाखवलास ते चांगलं केलंस. पण आता ती घरात ठेवू नकोस आणि मोरीत किंवा गटारात ओतूही नकोस. घट्ट बूच लावून खाली आण, मी डी-४०२ च्या चेनपाशीच आहे. उद्या जुन्या ऑइलबरोबर गॅरेजमध्ये देऊन येतो.