मदत हवी आहे : डोनर साइटचा रक्तस्राव टेबलावर थांबतो, पण वॉर्डात पुन्हा सुरू होतो

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या एका लहान रुग्णालयात जनरल सर्जन आहे. हा ऊसपट्टा असल्याने गुऱ्हाळांच्या हंगामात काहिलीतला उकळता रस अंगावर सांडून भाजलेले रुग्ण आमच्याकडे येतात आणि खोल जखमांवर स्प्लिट स्किन ग्राफ्ट (रुग्णाच्याच शरीरावरून काढलेला त्वचेचा पातळ थर) लावण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असते. ग्राफ्ट चांगले धरते. अडचण आहे ती मांडीवरच्या डोनर साइटची, म्हणजे ग्राफ्टसाठी त्वचा जिथून काढतो त्या जागेची.

हम्बी नाइफने (त्वचेचा थर काढण्याच्या सुरीने) सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची त्वचा काढल्यावर मी लगेच रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेले गॉज त्या जागेवर पसरतो (५०० मिलिलिटर सलाइनमध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे १:५,००,०००), वर मॉप ठेवून दाब देतो आणि ग्राफ्ट लावून होईपर्यंत ते हलवत नाही. नंतर पॅराफिन गॉज, जाड पॅड आणि क्रेप बँडेज. एखादी धमनी उडत असेल तरच डायथर्मी (विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणे) वापरतो, कारण केसांच्या मुळांपासून आणि घामाच्या ग्रंथींपासून जी नवी त्वचा यायची असते, तिलाच त्याने इजा होते.

अलीकडच्या एका रुग्णाचे वय ५८ होते. अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ॲस्पिरिन चालूच ठेवली होती. दुपारी स्पायनल भुलेखाली (कमरेखालचा भाग बधिर करून) शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मांडी अगदी कोरडी होती. रात्री सिस्टरांनी बोलावले तेव्हा बँडेजवर नाण्याएवढा डाग होता आणि तो तासाभरात तळहाताएवढा झाला. उघडून पाहिले, तर पॅराफिन गॉजखाली काळसर गुठळ्यांचा थर साचला होता आणि त्याच्या कडेने ताजे रक्त झिरपत होते. गुठळ्या काढून, पाय उंच ठेवून वीस मिनिटे सलग दाब दिल्यावर ते थांबले. त्यांच्या पत्नीने विचारले, “डॉक्टर, भाजली पोटरी, मग मांडीतनं रगत कसं?” मांडीवर दुसरी जखम होणार हे मी शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना नीट समजावून सांगायला हवे होते, याची मला अजून रुखरुख आहे.

मला वाटते, ॲड्रेनलिनचा परिणाम ओसरला, त्याच सुमारास स्पायनल उतरून वेदनेने रक्तदाब वाढला आणि ॲस्पिरिनमुळे प्लेटलेट्सची पकड मुळातच कच्ची होती.

अशा रुग्णांत आपण काय करता? त्वचा काढण्यापूर्वीच सौम्य ॲड्रेनलिनचे द्रावण त्वचेखाली भरल्यास ही नंतरची गळती कमी होते का, आणि हृदयविकार असताना त्याची मात्रा कुठवर ठेवता? कॅल्शियम अल्जिनेटच्या ड्रेसिंगमधले कॅल्शियम रक्त गोठण्यास मदत करते हे ठाऊक आहे, पण खर्च रुग्णाच्या खिशातून होतो, म्हणून ते सर्वांना लावावे की ॲस्पिरिनवाल्यांनाच? ट्रॅनेक्झामिक ॲसिडमध्ये (रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या औषधात) भिजवलेले गॉज कुणी नियमित वापरते का? पुढच्या आठवड्यात क्लोपिडोग्रेलवर (ॲस्पिरिनसारखेच प्लेटलेट्सना रोखणारे औषध) असलेल्या एका रुग्णाचे ग्राफ्टिंग ठरले आहे, त्यामुळे प्रत्यक्ष अनुभव मात्रेसह आणि वेळेसह लिहिलात तर फार उपकार होतील.