अनुभव धागा : शाळेत आपला पाय नेमका कुठे घसरतो?

शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेविषयी वेळोवेळी परिपत्रके येतात आणि ती यायलाच हवीत. मात्र एखादे शिक्षक, सेवक किंवा स्वयंपाकी ताई शाळेतच घसरून पडल्या, तर ‘जरा जपून चालायचे ना’ एवढ्या वाक्यावर विषय मिटतो. माझ्या मते पडणाऱ्याच्या वेंधळेपणापेक्षा जागा, वेळ आणि कामाची पद्धत यांतच कारण अधिक वेळा सापडते. म्हणून शाळेत कोणतेही काम करणाऱ्या सर्वांना विनंती आहे की, पडण्याची जागा कोणती होती, तिथेच पाय का जात होता आणि काय बदलल्यावर फरक पडला, हे येथे लिहावे. शाळेचे नाव देऊ नये.

मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

आमच्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शाळेच्या पायऱ्या जांभ्याच्या आहेत. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो, त्यामुळे जुलै सरता सरता त्यावर शेवाळाचा हिरवा थर बसतो. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ब्लीचिंग पावडर टाकून, काही वेळ थांबून खराट्याने घासायचे, असा क्रम आम्ही ठेवला होता. तरी सगळ्यात खालची पायरी पुन्हा पुन्हा निसरडी होई, कारण कौलांच्या पागोळ्या नेमक्या तिच्यावर पडत. त्या बाजूला पन्हळ बसवून पाणी गटाराकडे वळवले, तेव्हा कुठे घासण्याचा उपयोग दिसू लागला. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात 101 ते 250 पटसंख्येच्या शाळेला 50,000 रुपये धरलेले असतात आणि त्यांतला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी वापरायचा असतो. पन्हळीसारखा खर्च आम्ही या अनुदानातल्या किरकोळ दुरुस्तीत धरला. रंगरंगोटीच्या आधी तो करावा, असा माझा आग्रह आहे.

सेवक, पुणे

आमची शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत भरते. मधल्या थोड्या वेळात पूर्ण व्हरांडा पुसून व्हावा अशी अपेक्षा असते, आणि नेमक्या त्याच वेळी दुपारचे शिक्षक हातात वह्यांचे गठ्ठे घेऊन येतात, म्हणजे पायाखालचे त्यांना दिसत नाही. पूर्वी शहाबादी फरशी होती, ती खडबडीत होती. आता गुळगुळीत टाइल्स आहेत. पाहुणे त्यांच्या चकाकीचे कौतुक करतात, ओली झाल्यावर त्यांच्यावरून चालण्याची वेळ मात्र आमच्यावर येते. दोन गोष्टी बदलल्या. मधल्या वेळेत आता फक्त झाडू मारतो आणि सांडलेले तेवढेच टिपतो. पूर्ण पुसणे संध्याकाळी शाळा सुटल्यावर होते. पुसतानाही व्हरांड्याची अर्धी रुंदी आधी घेतो आणि ती वाळल्यावर उरलेली अर्धी, म्हणजे चालायला कोरडी बाजू राहते. साबण किंवा फिनाईल जास्त टाकल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही; त्याचा पातळ थर मागे राहतो आणि पाण्याचा थेंब पडला की पुन्हा बुळबुळीत होतो. वरील बाईंनी ब्लीचिंग पावडरचा उल्लेख केला आहे, म्हणून सांगतो की संडासाच्या ऍसिडमध्ये ती कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

पोषण आहार मदतनीस, नाशिक जिल्हा (सांगितल्याप्रमाणे शिक्षकांनी लिहून घेतले)

भाताचे मोठे पातेले दोघींनी धरून किचन शेडमधून व्हरांड्यात न्यावे लागते, तेव्हा पुढचीला उलटे चालावे लागते. उंबरठ्याशी पाय पुसण्यासाठी गोणपाट टाकलेले होते आणि त्याच्याच घडीत पाय अडकायचा. गोणपाट काढले, उंबरठ्यावर सिमेंटचा उतार करून घेतला आणि भात छोट्या दोन पातेल्यांत काढू लागलो. फोडणीचे तेल सांडले तर त्यावर आधी राख किंवा पीठ टाकतो, ते झाडून घेतो आणि मगच धुतो. नुसते पाणी ओतले तर तेल पसरते.

चित्रकला शिक्षिका, नागपूर

15 ऑगस्टच्या आदल्या दिवशी पताका बांधायला बाकावर खुर्ची आणि खुर्चीवर शिक्षिका, हे दृश्य कोणत्या शाळेत नसेल? लांब बाकाच्या पायांबाहेर आलेल्या टोकावर उभे राहिले की दुसरे टोक उचलले जाते. शाळेत घडीची शिडी होती, पण ती भांडारगृहात आणि भांडारगृहाची किल्ली लिपिकांकडे. शिडी आता जिन्याखाली, कुलपाविना, साखळीने अडकवून ठेवली आहे. सूचनाफलकही हाताला पोहोचेल इतका खाली आणला.

सहायक शिक्षिका, न्यू जर्सी, अमेरिका

आमच्याकडे पाऊस नव्हे, तर गाड्या उभ्या करण्याची जागा धोक्याची. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो आणि पहाटे डांबरावर त्याचा दिसेनासा थर असतो. मीठ टाकतात, पण तापमान उणे 9 अंशांच्याही खाली गेले की साधे मीठ फारसे काम करत नाही. तेव्हा वाळूच बरी. मुख्य दारापाशी कित्येक पावले चालावे लागेल इतकी लांब चटई घातल्यापासून बुटांना चिकटलेला बर्फ आतल्या फरशीपर्यंत पोहोचत नाही.

लिपिक, कोल्हापूर

आमच्या जिन्यावर माणसे एकाच ठिकाणी अडखळत होती, म्हणून शेवटी पट्टी घेऊन पायऱ्या मोजल्या. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार शैक्षणिक इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर आणि रुंदी किमान 30 सेंटिमीटर असावी. आमच्या मधल्या पायऱ्या या मापात बसत होत्या. मात्र दोन्ही मजल्यांवर जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवलेली असल्यामुळे सर्वांत खालची पायरी बुटकी आणि सर्वांत वरची उंच झाली होती. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढचे पाऊल न पाहता त्याच अंदाजाने पडते. फरक दोन-तीन सेंटिमीटरचा असला तरी ठेच लागते. तूर्त त्या दोन पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे मारले आहेत, वळणावरचा बंद पडलेला दिवा बदलला आहे आणि पायऱ्या समपातळीत आणण्याचे अंदाजपत्रक मोजमापांसह व्यवस्थापन समितीकडे दिले आहे. ज्यांच्याकडे नवी फरशी बसणार आहे, त्यांनी ठेकेदाराकडून जिन्याचे माप आधीच लेखी घ्यावे.