मदत हवी आहे: टर्बो लावलेल्या एस्टीमचं टायमिंग किती ठेवू? मॅनिफोल्ड लाल होतोय

रंकाळ्याचा_रायडर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आज अडलोय म्हणून लिहितोय.

गाडी २००३ ची एस्टीम व्हीएक्सआय. जी१३बीबी इंजिन, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. मामांच्या गोठ्याशेजारी पडून होती, आता फक्त ऑटोक्रॉस शर्यतींसाठी ठेवलीय. पिस्टन मूळचेच, कॉम्प्रेशन ९.५ ला १. स्विफ्ट डिझेलचा छोटा टर्बो (केपी३५) भंगारातून आणला आणि मॅनिफोल्ड (इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा पाइप) शिरोलीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला. इंटरकूलर आहे. डिस्ट्रिब्यूटर काढून क्रँक पुलीवर ३६-१ दातांची चकती लावलीय, कॉइल वेस्टेड स्पार्क, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पीडुइनो. बूस्ट (टर्बोचा जादा दाब) ०.५ बार. पेट्रोल साधं, पंपावरचं ई२०. वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) आहे, फुल बूस्टला लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८२ दिसतो.

अडचण अशी. सुरुवातीला फुल बूस्टला ईसीयूच्या टायमिंग टेबलमध्ये १६ अंश ठेवले होते (म्हणजे पिस्टन अगदी वर पोचायच्या १६ अंश आधी स्पार्क). ओढताना बॉनेटखालून टिकटिक ऐकू आली. आमच्या ग्रुपातल्या एकाच्या पिस्टनला याच प्रकारात भोक पडलं होतं, त्यामुळे माझी टरकली आणि सरळ १२ वर आणलं. टिकटिक तशीच. वर गाडी मेल्यासारखी ओढते, आणि तीन-चार लॅप झाले की मॅनिफोल्ड लालबुंद. संध्याकाळी बॉनेट उघडलं तर शेगडीच.

बूस्टला सेफ टायमिंग किती, एवढं कोणी आकड्यात सांगेल का?

डिझेलभक्त

अजून ४ अंश मागे घे. टायमिंग मागे म्हणजे सेफ, साधा हिशेब आहे. पॉवर कमी मिळेल पण इंजिन वाचेल.

लॅम्ब्डा_एक

डिझेलभक्त, थांबा जरा. नॉकिंगपुरता (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकतं ते) तुमचा हिशेब बरोबर आहे, पण मॅनिफोल्ड लाल होतोय असं ते सांगतायत. स्पार्क उशिरा पडला की जाळ उशिरा पेटतो, पिस्टन खाली जायला लागला तरी मिश्रण जळतच असतं, आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. त्यात हा टर्बो डिझेलचा. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या घरात राहतो, पेट्रोलचा ९०० च्या वर सहज जातो. केपी३५ चं टर्बाइन तेवढ्या तापासाठी केलेलंच नाही. अजून ४ मागे घेतले तर पिस्टन वाचेल आणि टर्बो जाईल.

रायडर, आकडा विचारण्याआधी मला सांगा: टेबलमध्ये १२ आहे म्हणजे स्पार्क खरंच १२ ला पडतोय हे कशावरून? बेस टायमिंग कसं लावलंत? कुठली टायमिंग लाईट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा)?

रंकाळ्याचा_रायडर

लाईट ऑनलाइन मागवलेली, मागे चकरी असलेली. अंश चकरीवर लावायचे आणि पुलीची शून्याची खूण इंजिनावरच्या पट्टीच्या टोकाशी जुळवायची. सेन्सरचा ब्रॅकेट बसवताना मूळ पट्टीवरच्या बाकीच्या खुणा ग्राइंडरखाली गेल्या (माझीच करामत), म्हणून ही लाईट घेतली. ईसीयूत फिक्स्ड टायमिंग १० ठेवलं, चकरी १० वर ठेवली, आणि खूण शून्यावर येईपर्यंत ट्रिगर अँगल (चकतीवरून शून्य कुठे आहे हे ईसीयूला सांगणारा आकडा) हलवला. एकदम मस्त जुळलं.

क्रँकशाफ्टवाली

मिळालं! चकरीवाली लाईट आणि वेस्टेड स्पार्क.

रायडर, वेस्टेड स्पार्कमध्ये प्लग क्रँकच्या प्रत्येक फेरीला उडतो, एकदा कामाचा आणि एकदा एक्झॉस्ट स्ट्रोकला फुकटचा. तुमच्या लाईटला वाटतं की दोन फेऱ्यांत एकदाच उडतोय, म्हणून ती आरपीएम दुप्पट धरते. चकरीवरचे अंश ती आरपीएमवरूनच वेळेत बदलते. आरपीएम दुप्पट धरलं की उशीर निम्मा. तुम्ही चकरीवर १० लावले, लाईटने प्रत्यक्षात ५ च सरकवले. म्हणजे खूण शून्यावर जुळली तेव्हा स्पार्क टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो ती जागा, शून्य अंश) ५ अंश आधी पडत होता आणि ईसीयू १० समजत होता.

थोडक्यात, तुमचं सगळं टेबल ५ ने मागे आहे. १६ होतं तेव्हा खरे ११, आणि आता १२ आहे तेव्हा खरे ७. अर्धा बार बूस्टला ७ अंश म्हणजे मॅनिफोल्ड लाल होणारच.

काही लाईटना टू-स्ट्रोकचं बटण असतं, ते दाबलं की हिशेब बरोबर येतो. नसेल तर चकरी शून्यावर ठेवा आणि तिला हात लावू नका. शून्यावर असताना कुठलीही लाईट खोटं बोलत नाही.

रंकाळ्याचा_रायडर

ताई, डोकं गरगरलं. बटण नाही हिला. पण चकरी शून्यावर ठेवली तर १० ची खूण आणू कुठून? पट्टी तर गेली.

क्रँकशाफ्टवाली

तुमच्या पुलीवर ३६ दातांची चकती आहे ना? एक दात म्हणजे १० अंश. शून्याची खूण ज्या दाताजवळ आहे तिथून बरोबर एक दात मोजून पुलीवर व्हाइटनरने रेघ मारा. रेघ फिरण्याच्या दिशेने पुढच्या बाजूला हवी, कारण टीडीसीच्या १० अंश आधी तीच पट्टीसमोर येते. उलट्या बाजूला मारलीत तर टीडीसीनंतरचे १० मोजत बसाल. दिशेची शंका असेल तर स्टार्टरची एक टिचकी मारून बघा. जिथे दात गाळलाय त्या जागेत मोजताना घोळ होतो, तेवढं सांभाळा.

गॅरेजवाले_काका

पोरा, शून्याची खूण तरी खरी आहे का ते आधी बघ. पुलीवर चकती बसवलीस म्हणतोस, मग परत बसवताना सगळं जागच्या जागी आलं कशावरून? पहिल्या सिलिंडरचा प्लग काढ. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून आत बोल्ट पक्का केलेला स्टॉपर घाल. चारही प्लग काढून हातानेच क्रँक फिरव, पिस्टन अलगद टेकला की पुलीवर रेघ मार. मग उलटा फिरवून परत टेकव, दुसरी रेघ मार. दोन्हींच्या बरोबर मधे टीडीसी. स्टार्टरला बोटसुद्धा लावू नकोस, बॅटरीची वायर काढून ठेव, नाहीतर पिस्टनला खरंच भोक पडेल.

आणि ती टिकटिक. थंड इंजिन चालू कर. टिकटिक बूस्ट नसताना, नुसत्या रेसला पण येते का? आणि इंजिन तापल्यावर कमी होते का?

रंकाळ्याचा_रायडर

काका, व्हय की. थंडीत जास्त येते. आयडलला पण बारीक ऐकू येते. मी म्हटलं टॅपेट असतील.

गॅरेजवाले_काका

मग ते नॉकिंग नव्हे. मॅनिफोल्ड फ्लँजमधून (इंजिनाला बोल्टने जोडणारी सपाट पट्टी) फुंकतोय. टॉर्च मारून फ्लँजच्या कडेला बघ, काळ्या धुराचा फराटा दिसेल. नवीन वेल्डिंगचा फ्लँज तापून वाकतो, घासून सपाट केल्याशिवाय गॅसकेट धरत नाही. खरं नॉकिंग लोडवर येतं, डब्यात खडे हलवल्यासारखं. आयडलला येत नाही.

मिशिगनचा_मराठी

सगळ्यांचं बरोबर आहे, फक्त एक धोका राहिला. रायडर, उद्या ट्रिगर अँगल दुरुस्त केलात की टेबलचा एकही आकडा न बदलता इंजिनाचं टायमिंग सगळीकडे ५ अंशांनी पुढे जाईल. आयडलला, क्रूझला, बूस्टला, सगळीकडे. म्हणून ज्या बैठकीत ट्रिगर दुरुस्त कराल त्याच बैठकीत पूर्ण टेबल निवडून त्यातून ५ वजा करा. इंजिन आत्ता जिथे आहे तिथेच राहील, फक्त आकडे खरे होतील. तिथून एकेक अंश वर चढा. हे विसरून कोणी आधी थ्रॉटल दाबला तर आजवरच्या "सेफ" गाडीचं हेड गॅसकेट उडायला एक पुल (फुल थ्रॉटलची एक ओढ) पुरतो.

फिक्स्ड टायमिंगवरच असताना ४००० पर्यंत रेस देऊनही बघा. रेघ जागेवर थांबली पाहिजे. आरपीएमबरोबर सरकत असेल तर सेन्सरच्या वायरी उलट्या आहेत का ते बघा. तपासून झालं की फिक्स्ड बंद करायला विसरू नका, मी विसरलोय एकदा.

रंकाळ्याचा_रायडर

हे ५ वजा करायचं माझ्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं. धन्यवाद दादा.

पण मग वर चढून थांबायचं कुठे? आकडा अजून कोणी सांगितला नाही हो :)

लॅम्ब्डा_एक

आकडा सांगत नाही कारण तुमच्या गाडीचा आकडा माझ्याकडे नाही. माझी गाडी हेच इंजिन, बूस्ट ०.४५, टर्बो वेगळा. बूस्टला ३५०० च्या आसपास १३ आणि ५५०० ला १७. मधे कमी का, तर टॉर्क जिथे जास्त तिथे सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो आणि नॉकिंग तिथेच पकडतं. वरच्या आरपीएमला उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच कमी मिळतो, म्हणून तिथे थोडं पुढे चालतं. एक पीएसआय बूस्टला एक अंश मागे असा जुना ठोकताळा आहे. पहिलं टेबल मांडायला ठीक, शेवट त्यावर करू नका.

बूस्टचा रकाना मोजताना कोल्हापूरची उंची धरा. तुमच्याकडे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास, त्यात ५० मिळवले की १४५. इंजिन बंद असताना एमएपी (इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर) १०० दाखवत असेल तर सेन्सरचं कॅलिब्रेशन आधी तपासा. आणि फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी इनटेकला जोडलीय ना? बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब वाढला नाही तर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं, आणि माणूस दोष टायमिंगला देत बसतो.

ऐकायची सोय करा. तांब्याच्या नळीचं एक टोक चेपून भोक पाडा, ब्लॉकवर दोन आणि तीन सिलिंडरच्या मधल्या बोल्टखाली घट्ट करा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कारखान्यातला कानावरचा मफ. हसू नका, मोकळ्या कानांपेक्षा कितीतरी आधी कळतं. नॉक सेन्सर लावणार असाल तर ७४ मिमी बोअरला नॉकिंगचा आवाज ७.७ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, फिल्टर तिथे लावा.

मग एक अंश वाढवा, एक पुल, लॉग, लगेच इंजिन बंद करून प्लग बघा. चिनीमातीवर मिरपुडीसारखे चमकते ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, जागेवर ३ अंश मागे. ठिपके नाहीत पण वाढवूनही गाडी जास्त ओढत नाही, तर तो अंश परत करा. तो फुकट धोका आहे.

डिझेलभक्त

मी माझे शब्द मागे घेतो. पण एक्सपी१०० भरून का नाही लावत टायमिंग? ऑक्टेन १०० म्हणजे बिनधास्त.

लॅम्ब्डा_एक

भरा की. पण मग कायम तेच भरावं लागेल. ऑटोक्रॉसच्या दिवशी आडगावात ते मिळालं नाही आणि साधं टाकलं तर टेबल तेच राहतं, पेट्रोल बदलतं. मी सगळ्यात वाईट पेट्रोलवर आणि मे महिन्याच्या दुपारी लावतो, महागाचं पेट्रोल वरची गादी समजतो.

गॅरेजवाले_काका

प्लग एक नंबर थंड घाल. एनजीकेत ६ असेल तर ७. गॅप ०.७ च्या वर नको, बूस्टला ठिणगी विझते.

रंकाळ्याचा_रायडर

मंडळी, १५ दिवसांनी येतोय. उशीर झाला कारण फ्लँज खरंच वाकलेला निघाला. काळा फराटा बोटभर. सरफेस ग्राइंडरवर घासून घेतला, नवीन गॅसकेट टाकलं, टिकटिक गेली. काका, पाया पडतो.

स्टॉपर घालून बघितलं तर शून्याची खूणही जवळजवळ १ अंश चुकलेली. नवीन खूण मारली, तिथून दात मोजून व्हाइटनरची रेघ, चकरी शून्यावर. ईसीयू १० म्हणतोय आणि लाईटखाली रेघ पट्टी ओलांडून जवळजवळ अर्धा दात पलीकडे. चकरीचे ५ आणि खुणेचा १ एकमेकांविरुद्ध होते म्हणून मिळून ४ निघाले. ट्रिगर दुरुस्त केला आणि टेबलमधून ४ च वजा केले. ४००० ला रेघ हलली नाही.

मग ट्रॅकवर दोन रविवार. ८ पासून सुरू केलं. मफ घालून मित्र शेजारी बसलेला, बायको म्हणाली विमान उडवायला चाललाय का. १४५ च्या रकान्यात ३५०० ला १३ पर्यंत आलो. १४ ला गाडी वेगळी काही ओढेना, म्हणून १३ वरच थांबलो. ५५०० ला १६. बूस्ट कट (दाब त्यावर गेला की ईसीयू इंजिन तोडतो) १६० ला लावलाय. प्लग स्वच्छ. पाच लॅपनंतर मॅनिफोल्ड अंधारात बघितला, काळाच आहे.

आता एकच राहिलंय. दुपारी इंटरकूलरनंतरची हवा ५५ अंशांवर जाते. त्यासाठी वेगळं मागे घ्यायचं का?

मिशिगनचा_मराठी

घ्यायचं. इनटेक तापमानाचं वेगळं टेबल असतं. ४० पर्यंत शून्य, ५० ला २, ६० ला ४, ७० ला ६ असं मांडा आणि लॉग इथे टाका. पण आधी इंटरकूलरसमोर नंबर प्लेट आडवी आलीय का ते बघा.

रंकाळ्याचा_रायडर

आलीय की हो.