मदत हवी आहे : माउंट अ‍ॅडम्सची चढाई आणि चालण्याचा वेग वेगवेगळा असलेला गट

नमस्कार,

अमेरिकेतील पोर्टलंड परिसरात राहणारे आम्ही सहा मित्रमैत्रिणी जूनच्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील माउंट अ‍ॅडम्स या ज्वालामुखीवर दक्षिणेकडील वाटेने चढण्याचे ठरवीत आहोत. ७,००० फुटांच्या वर जाण्यासाठी १ मे ते ३० सप्टेंबर या काळात लागणारा परवाना, वरची विष्ठा पिशवीत भरून खाली आणण्याचा नियम, तंबू, गाड्या या गोष्टींची माहिती आम्ही घेतली आहे. प्रश्न आहे तो गटाचा.

सह्याद्रीतील गडकिल्ले सर्वांनीच पालथे घातले आहेत, परंतु बर्फावर चढण्याचा अनुभव दोघांनाच आहे. कोल्ड स्प्रिंग्ज येथे, जिथे पायवाट सुरू होते, तिथली उंचीच सुमारे ५,६०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून किंचित अधिक आहे; तेथून १२,२७६ फुटांचे शिखर गाठायचे आहे. एक मित्र मध्यरात्री निघून एकाच दिवसात परतण्याच्या मताचा आहे. मला मात्र सुमारे ९,००० फुटांवरील लंच काउंटर नावाच्या मुक्कामाच्या जागी तंबू ठोकून पहाटे निघणे योग्य वाटते, कारण ओझे वाढले तरी विरळ हवेची थोडी सवय होते आणि कोणाचे डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर ते शिखराच्या ऐन चढावर नव्हे, तंबूतच लक्षात येते.

लंच काउंटरपासून पायकर्स पीकपर्यंतचा बर्फाचा उभा चढ मला सर्वांत काळजीचा वाटतो. खालून तेच शिखर भासते. वर पोचल्यावर कळते की खरे शिखर अजून सहाशे फूट वर आहे, आणि दमलेला माणूस नेमका तिथेच बसकण मारतो. म्हणून मी असे सुचवले आहे की तिघांचे दोन गट करावेत, प्रत्येक गटात बर्फाचा अनुभव असलेली एक व्यक्ती असावी, आणि एकाला परतावे लागले तर तिघांनीही परतावे. काही जणांना हे अन्यायकारक वाटते. १९३० च्या दशकात गंधकाच्या खाणकामासाठी माथ्यापर्यंत खेचरे नेत असत, असा दाखला देऊन वाट सोपी असल्याचेही मला ऐकवले जाते. त्या खेचरांचा वेग निदान सारखा असावा! अशा गटाने चढाई केलेल्यांनी कोणता नियम पाळला आणि परतण्याची वेळ किती वाजता ठरवली, हे कृपया सांगावे.

दुसरी शंका उतरणीची आहे. येथे बर्फावरून बसून घसरत उतरण्याची पद्धत आहे. त्यासाठी क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे दातेरी साधन) काढावे लागतात, नाहीतर त्यांचे दाते बर्फात अडकून घोटा मोडण्याची भीती असते, आणि वेग आवरण्यासाठी आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरता यावी लागते. घसरत उतरण्याच्या घळी सकाळी कडक असतात, त्यामुळे बर्फ मऊ होईपर्यंत थांबावे लागेल, हे समजते. परंतु चौघा नवख्यांना माउंट हूड या डोंगरावरील टिंबरलाइन या ठिकाणाजवळच्या सौम्य उतारावर अनुभवी मित्रांनी दिवसभर सराव करून दिला, तर तो पुरेसा ठरेल का, की प्रशिक्षकाकडूनच रीतसर शिकावे?

ढग उतरल्यास खाली येताना मूळ सोंडेवरून भरकटण्याचा धोका असतो, म्हणून मार्ग फोनमध्ये साठवून ठेवणार आहोत आणि एक जादा बॅटरी नेणार आहोत. त्याखेरीज दोन्ही गटांकडे बिनतारी संच असणे उपयोगी पडते का?